सरळ पुंगळीचे काडतूस (हरणाच्या शिकारीसाठी)

ज्या काडतुसाची पितळी पुंगळी तळापासून तोंडापर्यंत जवळपास एकाच जाडीची असते, त्याला सरळ पुंगळीचे काडतूस किंवा स्ट्रेट-वॉल काडतूस म्हणतात. नेहमीच्या रायफल काडतुसाची पुंगळी रुंद असते, पुढे तिला खांदा असतो आणि खांद्यापुढे निमुळती मान. या आकाराला बॉटलनेक म्हणतात. जास्त दारू मावते, गोळी हलकी व वेगवान होते आणि दूर जाते. सरळ पुंगळीत खांदा नसतो. गोळी जाड आणि जड असते, वेग बेताचा राहतो आणि तो लवकर कमी होतो. अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातील काही राज्यांत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार रायफलने करायची, तर काडतूस या आकाराचे असावे लागते. कोणते काडतूस चालेल हे त्याच्या नावावरून ठरत नाही. पुंगळीची लांबी आणि गोळीचा व्यास यांवरून ठरते, आणि ही मापे प्रत्येक राज्यात वेगळी आहेत.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे हरणांची शिकार बंद आहे. ही नोंद त्यामुळे फक्त अमेरिकेतील नियमांविषयी आहे. तिथे एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांनी आधी एक गोष्ट पाहावी: संघीय कायद्यानुसार अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगता येत नाहीत. त्याला मोजके अपवाद आहेत आणि राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हा त्यांतला एक आहे.

नियम कसे आले

मिडवेस्टचा शेतीचा पट्टा सपाट आहे. मका आणि सोयाबीनच्या शेतांमधून घरे, रस्ते, गोठे विखुरलेले असतात आणि चुकलेली गोळी अडवायला टेकडी नसते. म्हणून तिथे अनेक दशके हरणासाठी शॉटगनमधून झाडलेली स्लग, म्हणजे एकच जाड शिशाची गोळी, आणि तोंडाकडून भरायची बंदूक एवढ्यांनाच परवानगी होती. बाराबोअरच्या स्लगचा धक्का मोठा असतो. साध्या नळीतून तिचा नेमही शंभर यार्डांच्या आतच भरवशाचा राहतो. किशोरवयीन आणि लहान चणीचे शिकारी धक्क्याला बिचकून घोडा झटक्याने ओढतात, आणि हरीण जखमी होऊन निसटते. सरळ पुंगळीच्या रायफलला मुभा मिळण्यामागे हे मोठे कारण होते. स्लग रायफलच्या गोळीपेक्षा सुरक्षित असते ही समजूतही पूर्ण खरी नव्हती. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळासाठी २००७ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसले की बंदूक जवळपास आडवी धरून झाडली, तर जमिनीवरून उसळलेली स्लग रायफलच्या गोळीहूनही पुढे जाऊ शकते.

इंडियानाने २००७ मध्ये पिस्तुलाच्या जातीची काडतुसे रायफलमधून वापरू दिली. ओहायो आणि मिशिगन यांनी २०१४ मध्ये, आयोवाने २०१७ मध्ये आणि इलिनॉयने २०२३ च्या सुरुवातीपासून आपापल्या पद्धतीने दार उघडले.

मापे

सर्वांत काटेकोर मापे मिशिगनची. तिथल्या दक्षिण भागातील मर्यादित शस्त्र क्षेत्रासाठी गोळी .३५ कॅलिबर (म्हणजे सुमारे ०.३५ इंच व्यासाची) किंवा मोठी, पुंगळी सरळ आणि तिची लांबी किमान १.१६ इंच, कमाल १.८० इंच (सुमारे २९.५ ते ४५.७ मिलिमीटर) असे ठरवले गेले. ओहायो लांबी पाहत नाही. तिथे सरळ पुंगळी आणि .३५७ ते .५० कॅलिबर एवढी अट आहे, पण चेंबर (नळीच्या मुळाशी काडतूस बसते ती जागा) व मॅगझिन (पुढची काडतुसे ठेवण्याचा कप्पा) मिळून तीनपेक्षा जास्त काडतुसे भरता येत नाहीत. आयोवा व्यासाबरोबर शक्तीही पाहते: नळीच्या तोंडाशी किमान ५०० फूट-पाउंड (गोळीची ऊर्जा मोजण्याचे एकक). इलिनॉयचा नियम सगळ्यांत वेगळा आहे. .३० कॅलिबरपासून पुढची सरळ पुंगळी चालते, १.४ इंचांपर्यंतची बॉटलनेकही चालते, ५०० फूट-पाउंडांची अट आहेच; पण रायफल अशी हवी की तिच्यात एकूण एकच काडतूस मावेल. म्हणून १.३६८ इंचांचे .३०० ब्लॅकआउट हे बॉटलनेक काडतूस इलिनॉयमध्ये बसते आणि मिशिगनच्या मापात बसत नाही.

आता ही मापे नेहमीच्या काडतुसांना लावून पाहू. .४५-७० गव्हर्न्मेंट हे १८७३ चे जुने, दणकट आणि पूर्ण सरळ काडतूस. पण त्याची पुंगळी २.१०५ इंचांची, .४४४ मार्लिनची २.२२५ इंचांची. ओहायोत दोन्ही चालतात, मिशिगनच्या मापात दोन्ही बाद. उलट बाजूला .४५ एसीपीची पुंगळी ०.८९८ इंच, म्हणजे किमान मापाच्याही खाली. .३५७ मॅग्नम (१.२९ इंच), .४४ मॅग्नम (१.२८५ इंच) आणि .४५० बुशमास्टर (१.७० इंच) आरामात बसतात. .४६० स्मिथ अँड वेसन आणि .३६० बकहॅमर अगदी १.८० इंचांवर उभी आहेत.

सर्वांत जास्त फसवतात ती .३०-३० विंचेस्टर आणि .३५ रेमिंग्टन. लिव्हर रायफल (घोड्याभोवतीचा दांडा खालीवर करून काडतूस भरायची), जाड काडतूस, जुन्या काळचे रूप पाहून लोक ती सरळ पुंगळीची समजतात. दोन्हींना खांदा आहे. .४५८ सोकॉमचेही तसेच: खांदा लहान असल्याने चटकन दिसत नाही, पण असतो. थोडी उतरण मात्र चालते. .३५० लेजंडची पुंगळी तळाशी .३९० इंच आणि तोंडाशी .३७८ इंच आहे, तरीही ती सरळच गणली जाते.

कोणते घ्यावे

.३५० लेजंड विंचेस्टरने २०१९ मध्ये या राज्यांकडे पाहूनच बाजारात आणले. १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २,३२५ फूट वेगाने निघते, शक्ती सुमारे १,८०० फूट-पाउंड. २०० यार्डांवर ती ९०० च्या आसपास उरते. हरणासाठी लक्ष्यावर १,००० फूट-पाउंड असावेत हा जुना ठोकताळा कायदा नव्हे, पण तो धरला तर या काडतुसाचा भरवशाचा पल्ला दीडशे-पावणेदोनशे यार्डांवर थांबतो. शेताच्या बांधावरून किंवा झाडावरच्या मचाणावरून होणाऱ्या बहुतेक शिकारी त्याहून जवळच्या असतात. धक्का सौम्य असल्याने नव्या शिकाऱ्यासाठी पहिली निवड हीच असावी.

.४५० बुशमास्टर जास्त ताकदीचे. २५० ग्रेनची गोळी सेकंदाला २,२०० फूट, सुमारे २,६८५ फूट-पाउंड. २०० यार्डांवरही १,२५० च्या वर. हरीण जागेवर पडण्याची शक्यता वाढते, पण हलक्या रायफलमध्ये धक्का स्लगच्या जवळ जातो. म्हणून पुष्कळ रायफलींना नळीच्या तोंडाशी ब्रेक लावून येतो. त्याने धक्का कमी होतो आणि आवाज बाजूला फेकला जातो. कानाला संरक्षण न लावता असा बार काढू नये, एकदाही नाही.

लिव्हर रायफल आवडणाऱ्यांसाठी रेमिंग्टनचे २०२३ चे .३६० बकहॅमर आहे. .३०-३० ची पुंगळी सरळ करून ते बनवले आहे आणि त्यात .३५८ इंचांची गोळी बसते; १८० ग्रेनला वेग २,४०० फूट. अशा रायफलींच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक राहतात आणि गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (ठोक्याने पेटणाऱ्या टिकलीवर) टेकते. कडक टोकाची गोळी तिथे भरली तर झटक्याने मॅगझिनमध्येच बार होऊ शकतो. चपट्या टोकाची किंवा मऊ पॉलिमर टोकाचीच गोळी घ्यावी.

गोळीची बांधणी काडतुसाइतकीच महत्त्वाची आहे. .३५० लेजंडमध्ये पूर्ण आवरणाच्या स्वस्त गोळ्या सरावासाठी मिळतात. त्या हरणात पसरत नाहीत, बारीक भोक पाडून निघून जातात, रक्ताचा माग राहत नाही. काही राज्यांत तशा गोळ्यांना मनाईही आहे. पसरणारी गोळीच हवी.

व्यासाचा घोळ

.३५० लेजंडची गोळी प्रमाणित मापाप्रमाणे .३५७ इंच आहे, पण उणे बाजूला .००३ इंचांची सूट आहे. त्यामुळे डब्यातल्या काही गोळ्या प्रत्यक्षात .३५५ च्या भरतात. घरी काडतुसे भरणारे यात दोन चुका करतात. नऊ मिलिमीटर पिस्तुलाची .३५५ ची गोळी भरली, तर ती कमी वेगासाठी बनलेली असल्याने हाडावर फुटते आणि खोल जात नाही. .३५ रेमिंग्टनसारख्या रायफलींची .३५८ ची गोळी भरली, तर काडतूस चेंबरमध्ये अडकते किंवा दाब वाढतो.

दुसरा घोळ पुंगळीच्या तोंडाचा. .३५० लेजंड आणि .४५० बुशमास्टर यांना ना बाहेर आलेली कड असते ना खांदा, म्हणून चेंबरमध्ये ती पुंगळीच्या तोंडावरच टेकून थांबतात. तोंड आत वळवून गोळी आवळली किंवा पुंगळी मापापेक्षा जास्त कापली, तर काडतूस पुढे सरकते, पिन नीट बसत नाही आणि ऐन वेळी नुसता खट् आवाज होतो. इथे तोंड किंचित निमुळते दाबणारी टेपर क्रिंपच वापरावी. बकहॅमर, .४५-७० आणि मॅग्नम काडतुसे कडेवर टेकतात, त्यांना ही अडचण नाही. १.८० च्या मर्यादेत बसण्यासाठी काही जण .४५-७० ची पुंगळी कापून आखूड करतात ते याच बळावर.

एआर पद्धतीच्या (एआर-१५ सारख्या अर्धस्वयंचलित) रायफलमध्ये मॅगझिनही त्याच काडतुसाचे लागते. .३५० लेजंडचा तळ .२२३ या एआरच्या नेहमीच्या बॉटलनेक काडतुसाएवढाच असल्याने काडतुसे .२२३ च्या मॅगझिनमध्ये शिरतात, पण सरळ पुंगळीला तिथला बाक मानवत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या काडतुसाला ती अडतात.

नेम बांधताना शंभर यार्डांवर बांधावा. मग दोनशे यार्डांवर .३५० लेजंड सुमारे ८ इंच आणि .४५० बुशमास्टर ९ ते १० इंच खाली लागते. बॉटलनेकची सवय असलेला माणूस इथेच हरणाच्या पोटाखालून बार काढतो. शिकारीला नेणार त्याच डब्यातल्या गोळ्यांनी नेम तपासावा, कारण वजन बदलले की लागण्याची जागाही बदलते. नियम वर्षागणिक बदलतात. खरेदीपूर्वी त्या हंगामाची राज्याची पुस्तिका उघडावी, नळीवर कोरलेले नाव आणि डब्यावरचे नाव जुळते का पाहावे, आणि घरी भरलेल्या काडतुसांची पुंगळी कॅलिपरने मोजावी.