नैराश्य आणि मेंदूतील घडामोडी : पार्श्वभूमी

नैराश्यावरची औषधे आधी हाती आली आणि ती मेंदूत नेमके काय करतात याचा शोध नंतर सुरू झाला. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोगासाठी आयप्रोनियाझिड घेणाऱ्या रुग्णांची भूक वाढली, उत्साह परतला आणि काही जण वॉर्डातच नाचू लागले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ रोलांड कून यांना नैराश्यावर इमिप्रामीन या औषधाचा गुण दिसला. ही औषधे नॉरअ‍ॅड्रेनलिन व सेरोटोनिन या रसायनांवर काम करतात हे कळल्यावर, त्यांची कमतरता म्हणजेच नैराश्य, असा तर्क रुजला. तो अपुरा होता; कारण औषधाचा रासायनिक परिणाम काही तासांत सुरू होतो, तर रुग्णाला उतार पडायला कित्येक आठवडे लागतात.

पेट (PET) स्कॅन या प्रतिमातंत्रामुळे जिवंत मेंदूतील रक्तप्रवाह पाहता येऊ लागला आणि प्रश्नाची मांडणीच बदलली. मेंदूविकारतज्ज्ञ हेलन मेबर्ग यांच्या गटाने १९९९ साली दाखवले की, निरोगी माणसाला दुःखद प्रसंग आठवायला सांगितला असता मेंदूच्या मध्यरेषेलगत खोलवर असलेल्या ‘क्षेत्र २५’मधील रक्तप्रवाह वाढतो आणि विचार व एकाग्रतेशी संबंधित पुढच्या भागातला कमी होतो, नैराश्यातून बरे होणाऱ्यांत नेमके याच्या उलट घडते. नैराश्यात दुःख आणि विचारांचा मंदपणा एकत्र का येतात, याचे मला पटणारे पहिले उत्तर येथे मिळते.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या टोरांटोतील अभ्यासात, कोणत्याही उपचाराला दाद न देणाऱ्या सहा रुग्णांच्या याच ‘क्षेत्र २५’मध्ये इलेक्ट्रोड बसवण्यात आले होते. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण जागे होते. विद्युतप्रवाह सुरू होताच काहींनी आतली पोकळी नाहीशी झाल्याचे, खोली एकाएकी उजळल्याचे आणि रंग गडद दिसू लागल्याचे सांगितले. सहा महिन्यांनंतर चौघांची सुधारणा टिकून होती. मात्र पुढच्या मोठ्या चाचणीत खरे आणि नुसते भासवलेले उत्तेजन यांत पहिल्या सहा महिन्यांत ठोस फरक दिसला नाही. शस्त्रक्रियेविना चुंबकीय उत्तेजन देण्याच्या पद्धतीला दरम्यान, २००८ साली, अमेरिकेत मान्यता मिळाली होती.

२०१३ च्या एका अभ्यासात, मेंदूतील ‘इन्सुला’ या भागाची सक्रियता कमी असलेल्यांना बोधात्मक वर्तनोपचाराचा (विचार व वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या, संवादातून होणाऱ्या उपचाराचा) आणि जास्त असलेल्यांना एस्सिटॅलोप्राम या नैराश्यावरील औषधाचा गुण येण्याचा कल आढळला. तरीही आज निदान स्कॅनवरून होत नाही. किमान दोन आठवडे टिकलेली लक्षणे रुग्णाशी बोलूनच तपासली जातात.