मध्यम क्षमतेची ॲडव्हेंचर मोटारसायकल

डांबरी महामार्ग आणि खडी-मातीची वाट, दोन्हींवर लांबचा पल्ला गाठता यावा अशा बेताने बांधलेली उंच दुचाकी. इंजिन साधारण ३०० ते ७०० सीसीचे असले की गाडी मध्यम वर्गात धरतात. भारतात मात्र ४०० ते ४५० सीसीच्या एकसिलिंडर गाड्यांचीच चलती आहे. या जातीचे मूळ बीएमडब्ल्यूच्या १९८० सालच्या आर ८० जी/एस या गाडीपाशी नेले जाते. भारतात रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन २०१६ मध्ये आली, चाकणला बनणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर २०२० मध्ये. २०२३ च्या अखेरीस हिमालयनला ४५२ सीसीचे, पाण्याने थंड होणारे नवे इंजिन मिळाले.

कोल्हापुरात या गाडीचा कस एका दिवसात लागतो. पुणे–बेंगळुरू महामार्ग शहराला लागूनच आहे. पश्चिमेला गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा, दाजीपूरहून फोंडा, मलकापूरच्या पुढे आंबा असे घाट कोकणात उतरतात. घाटमाथ्यावरच्या वाडीवस्तीच्या वाटा जांभ्या दगडाच्या. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते आणि तांबडा चिखल टायरच्या खाचा भरून टाकतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांबरोबर शेतातला चिखल डांबरावर येतो, तो वेगळाच. अशा मुलखात गाडी निवडताना लोक आधी अश्वशक्ती विचारतात. विचारायला हवे ते सस्पेन्शन, म्हणजे हादरे झेलणारी स्प्रिंगची रचना, आणि वजन.

सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाक वर-खाली किती सरकू शकते ते अंतर, हिमालयन ४५० मध्ये पुढे-मागे २०० मिमी आहे. खड्ड्यात चाक पूर्ण खाली जाते आणि हादरा हँडलपर्यंत पोहोचण्याआधीच विरतो. पुढचे २१ इंची चाक खड्ड्याच्या काठात अडकत नाही, त्यावरून चढून जाते. १९ इंची चाक घाटाच्या वळणांवर अधिक चपळ असते. तारांचे रिम आपटले तर वाकते आणि बहुधा सरळ करून घेता येते. ओतीव अलॉय तडकू शकते. पण तारांच्या बऱ्याच चाकांत ट्यूब असते आणि पंक्चर काढायला चाक उतरवावे लागते. भर पावसात, घाटात, हे काम सोपे नाही. ट्यूबलेस पंक्चर बाहेरून दोरी भरून काही मिनिटांत निघते. त्यामुळे दगडधोंड्यांतून फारसे न जाणाऱ्याने ट्यूबलेसच घ्यावे.

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. मागच्या चाकाचा एबीएस बंद करण्याची सोय ही या वर्गाची खूण. सुट्या खडीच्या उतारावर एबीएस ब्रेक पुन्हापुन्हा सोडतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. लॉक झालेले मागचे चाक खडीत रुतून वेग मारते. डांबर लागताच एबीएस पुन्हा चालू करायला विसरू नये.

वजनाची बाजू जाहिरातीत दिसत नाही. हिमालयन ४५० पेट्रोलसह सुमारे १९६ किलो भरते आणि सीटची उंची ८२५ मिमी आहे. चिखलात आडवी झालेली एवढी गाडी एकट्याने उचलणे जड जाते. ज्याची भटकंती मुख्यतः गावच्या वाटांवर आहे त्याला याहून हलकी हिरोची २०० सीसीची एक्सपल्स अधिक उपयोगी पडेल. महामार्गावर मात्र, मागे माणूस आणि सामान असताना, तिच्यात ओढ कमी पडते. मध्यम गाडीचे मोल तिथे कळते.

पंचगंगेला पूर आला की, २०१९ आणि २०२१ मध्ये झाले तसे, शिरोलीजवळ महामार्गावरही पाणी चढते. गाडी उंच आहे म्हणून त्यात घालू नये. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेले तर ते दाबले जात नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय वाहत्या पाण्यात गाडीच्या आधी माणूस जातो.

किमतीचे गणित ३५० सीसीच्या रेषेवर फिरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यावरच्यांवर ४० टक्के. आधी हेच दर २८ टक्के आणि उपकरासह ३१ टक्के होते. थर्ड पार्टी विम्याचा वार्षिक हप्ताही २०२२ च्या दरपत्रकानुसार १५० ते ३५० सीसीसाठी १,३६६ रुपये, तर त्यापुढे २,८०४ रुपये. यावर क्रॅश गार्ड, हँड गार्ड, इंजिनखालची बॅश प्लेट आणि सामानाचे रॅक येतात. त्यांतले रॅक-गार्ड कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीत बनवून घेता येतात. ओतकाम आणि लेथकाम ही या शहराची जुनी विद्या आहे. फ्युएल इंजेक्शनचा किंवा सेन्सरचा बिघाड मात्र स्कॅनर असलेल्या सर्व्हिस सेंटरातच नीट कळतो.

जुनी गाडी घेताना किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. पुढचे चाक उचलून हँडल हळूहळू फिरवावे. मध्यावर अडखळले तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेलेले असते. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्यांच्या, सीलपाशी तेल, रिमला पोचे, बॅश प्लेटखालच्या चेसीवर ओरखडे, हे सगळे बघावे. सतत कोकणात उतरणाऱ्या गाडीच्या तारांवर आणि नट-बोल्टांवर खाऱ्या हवेचा गंजही धरलेला असतो.