टूल डिस्क्रिप्शन की रनबुक? एआय एजंटला मॉनिटरिंग देताना काय कुठे लिहायचं

हल्ली ऑन-कॉलच्या कामाला (सिस्टीम बिघडली की धावून जायची पाळी) एआय एजंट जोडायचं बऱ्याच टीमनी मनावर घेतलंय, आणि मग पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विकीवरचं रनबुक, म्हणजे बिघाड झाला की काय करायचं त्याच्या लेखी सूचना, उचलून जसंच्या तसं टूलच्या, म्हणजे एजंटला दिलेल्या अवजाराच्या, डिस्क्रिप्शनमध्ये चिकटवतं. सगळं लिहिलेलं आहे की त्यात, अजून काय पाहिजे! लिहिलेलं आहे खरं, पण ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

रनबुक प्रसंगाचं असतं. अमुक अलर्ट वाजला तर आधी काय बघायचं, रोलबॅक (आधीच्या आवृत्तीवर परत जाणं) कधी करायचा, रात्री कुणाला उठवायचं. प्रॉमिथिअसच्या (सिस्टीमचे आकडे गोळा करणारं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर) अलर्टला रनबुकची लिंक जोडून ठेवायची पद्धत आहे ती त्यासाठीच. टूल डिस्क्रिप्शन मात्र अवजाराचं असतं: हे काय करतं, कधी वापरायचं, त्याला काय द्यायचं आणि जे परत येतं त्याचा अर्थ काय. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रोपिकनं एमसीपी (एजंटला बाहेरची टूल जोडायची एक ठरलेली पद्धत) आणलं, त्यात प्रत्येक टूलला नाव, डिस्क्रिप्शन आणि इनपुटचा स्कीमा (काय, कुठल्या स्वरूपात द्यायचं त्याचा आराखडा) असतो आणि एजंट मुख्यतः तेवढं वाचूनच ठरवतो की आत्ता कुठल्या टूलला हाक मारायची. हा मजकूर बहुतेक ठिकाणी प्रत्येक वेळी एजंटच्या समोर असतो, म्हणजे डेटाबेसचं तीन पानी रनबुक तिथे कोंबलं तर डिस्क भरल्याचा अलर्ट आला तरी ती तीन पानं सोबत येणारच, टोकन (मॉडेलला दिलेला मजकूर ज्यात मोजतात ते तुकडे) जाणार ते वेगळंच.

आता प्रॉमिथिअसचंच बघू. त्याच्या एपीआयमध्ये दोन प्रकारच्या क्वेरी आहेत, एका क्षणाची आणि एका कालावधीची. आपण ग्राफानात (डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर) ग्राफ बघतो तेव्हा स्टेप, म्हणजे दोन पॉइंटमधलं अंतर, किती ठेवायची हे ग्राफाना बघून घेतं, आपल्याला पत्ताही नसतो. एजंटला ती स्वतः द्यावी लागते, आणि एका सिरीजमागे (ग्राफवरची एक रेघ) 11,000 पॉइंटच्या वर मागितले की प्रॉमिथिअस सरळ एरर देतं. 15 सेकंदांची स्टेप धरून 30 दिवस मागितले तर 1,72,800 पॉइंट होतात! तेव्हा कालावधी वाढला की स्टेप वाढव, ही ओळ डिस्क्रिप्शनमध्ये हवीच.

पण माझ्या मते त्याहून महत्त्वाची ओळ रिकाम्या उत्तराची आहे. मेट्रिकचं (मोजलेल्या आकड्याचं) नाव किंवा त्याला लावलेलं लेबल चुकलं तरी प्रॉमिथिअस एरर देत नाही, स्टेटस सक्सेस आणि यादी रिकामी. माणूस म्हणतो, अरे काहीतरी चुकलंय. एजंट मात्र म्हणू शकतो की 500 वाल्या एरर (सर्व्हरच्या चुका) शून्य आहेत, सिस्टीम एकदम ठीक. ही चूक फार घातक आहे कारण ती आत्मविश्वासानं सांगितली जाते. म्हणून स्पष्ट लिहा: रिकामं आलं म्हणजे शून्य नव्हे, आधी मेट्रिकचं नाव आणि लेबलं तपास, मग 'अप' मेट्रिक बघ, तो 0 असेल तर त्या टार्गेटकडून (ज्या मशीन किंवा सर्व्हिसकडून आकडे घेतले जातात) डेटाच मिळत नाहीये.

गोंधळ खरा होतो तो सीमेवर. "हा आकडा 0 ते 1 मध्ये येतो, टक्क्यांत नाही" हे टूलचं, आणि "80 टक्क्यांच्या वर गेला तर नोड (मशीन) वाढवा" हे रनबुकचं, कारण 80 चे उद्या 70 होतील पण आकड्याचा अर्थ बदलणार नाही. वेळेचंही तसंच. टाइमस्टॅम्प कुठल्या फॉरमॅटमध्ये द्यायचा हे टूलमध्ये, पण टीम पुण्यात बसते आणि "रात्री 2 ला" म्हणजे यूटीसीप्रमाणे आदल्या दिवशीचे 20:30, हे टीमच्या सूचनांमध्ये.

अलर्टमॅनेजरचा (प्रॉमिथिअसचे अलर्ट लोकांपर्यंत पोचवणारा भाग) सायलेन्स घ्या, म्हणजे अलर्ट काही वेळ गप्प करायची सोय. त्यानं फक्त नोटिफिकेशन थांबतं, अलर्ट आत चालूच राहतो, हे डिस्क्रिप्शनमध्ये. कुणाच्या परवानगीनं लावायचा ते रनबुकमध्ये. आणि एजंटनं लावूच नये असं वाटत असेल तर दोन्हीकडे ठळक अक्षरात लिहून भागत नाही, त्याला प्रवेशाची किल्लीच (ॲक्सेस टोकन) फक्त वाचायची द्या. एमसीपीमध्ये टूल रीड-ओन्ली आहे अशी खूण करता येते पण ती नुसती खूण आहे, कुलूप नाही.

रनबुक वेगळं ठेवलं म्हणजे जसंच्या तसं चालेल असंही नाही. आपल्या रनबुकांत "डॅशबोर्ड बघा, नेहमीपेक्षा वेगळं वाटलं तर कळवा" असली वाक्यं खच्चून भरलेली असतात, आणि एजंटकडे ते 'नेहमी' नसतं. तिथे लिहायचं की आत्ताचा रेट (दर सेकंदाला किती) आणि ऑफसेट (क्वेरी मागच्या वेळेवर सरकवायची सोय) लावून गेल्या आठवड्याचा ह्याच वेळेचा रेट काढ, दुपटीच्या वर असेल तर दोन्ही आकडे आणि दोन्ही क्वेरी अलर्टच्या थ्रेडमध्ये टाक.