पुढच्या बोटीची फुकटची लाट

ड्रॅगन बोटची रेस कधी बघितली नसेल तर आधी यूट्यूबवर एखादी हाँगकाँगची लावा. साधारण 12.4 मीटर लांब नाव, पुढे ड्रॅगनचं तोंड, मागे शेपूट, जोडीजोडीने बसून 20 जण वल्ही मारतायत, टोकाला ड्रम बडवणारा एक आणि मागे उभं राहून लांब सुकाणू धरलेला एक, असे 22 लोक. परंपरा चीनची आणि खूप जुनी, पण आजच्यासारख्या इंटरनॅशनल रेस 1976 मध्ये हाँगकाँगला सुरू झाल्या.

आता एवढ्या 22 जणांनी घाम गाळून रेस मारायची आणि मग शेजारचे म्हणणार, तुम्ही आमच्या लाटेवर बसून आलात! याला वॉश रायडिंग म्हणतात, आणि त्यावरून भांडणं होतात. मला आधी वाटलं हरलेल्यांची नेहमीची रड असेल, पण जरा आकडेमोड करून बघितली तर प्रकरण खरंच इंटरेस्टिंग निघालं.

उसाच्या ट्रॉलीमागे सायकल घातलीये का कधी? (आता घालू नका.) ट्रॉली हवा कापते आणि मागे आपण जवळजवळ फुकट जातो. पाण्यात तसंच होतं पण हवेपेक्षा तिथे लाटेचं काम मोठं असतं. बोट जितकी जोरात तितकी तिची लाट लांब होत जाते, आणि वेग दुप्पट झाला की लाटेची लांबी चौपट. 500 मीटर 2 मिनिटांत मारणारी बोट म्हणजे सेकंदाला जवळपास 4.2 मीटर, आणि त्या वेगाला लाटेची लांबी येते साधारण 11 मीटर, म्हणजे जवळपास बोटीच्या लांबीएवढीच. वेग 4.4 मीटर झाला की लाट बरोबर बोटीएवढी होते, एक उंचवटा नाकाखाली, दुसरा शेपटीखाली आणि मधल्या खड्ड्यात आपली बोट. त्याच्यापुढे अजून जोर लावला की मागचा उंचवटा शेपटीच्याही मागे सरकतो, शेपूट खाली बसते आणि बोट स्वतःच्याच लाटेवर चढायला लागते. म्हणून शेवटी शेवटी 20 जण जीव खाऊन वल्ही मारतात तरी वेग वाढता वाढत नाही, बरीचशी ताकद नुसती पाणी उचलण्यात जाते.

आणि याच वेळी शेजारच्या बोटीने आधीच उचललेलं पाणी मिळालं तर? पुढच्या बोटीच्या लाटेच्या उतारावर आपलं नाक ठेवलं की आपण उतारावरून घसरतो. गंमत अशी की ही लाट पुढच्या बोटीच्याच वेगाने तिच्यासोबत चालते, त्यामुळे तुम्ही तिच्या वेगाने गेलात तर तो उतार कितीही वेळ तुमच्याखाली राहतो. पण जागा अचूक पाहिजे हां. लाट 11 मीटरची म्हणजे पाच-साडेपाच मीटर इकडे तिकडे झालं की उताराऐवजी चढ, मग दुप्पट घाम. सुकाणूवाल्याचं खरं कसब इथे दिसतं.

बदकाच्या पिल्लांना हे कोणी शिकवत नाही. 2021 मध्ये स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड युनिव्हर्सिटीतल्या झिमिंग युआन आणि सहकाऱ्यांनी गणित करून दाखवलं की आईच्या मागे ठरावीक जागी पोहणाऱ्या पिल्लाला लाट उलट पुढे ढकलते, आणि तिसऱ्या पिल्लापासून पुढे लाटेचा अडथळा जवळपास शून्यावर येतो, एक पिल्लू ती लाट पुढच्याला पास करतं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते इग्नोबेल, 2022 चं मिळालं याला. हसण्यासारखं वाटतं, पण बोटींचं गणित तेच आहे.

मग चीटिंग कुठे झालं? पुढच्याची लाट तर होऊन गेलेली असते, तुम्ही त्याच्या खिशातलं काही काढत नाही. वल्ह्यांच्या इतर खेळांतही याचं एकच उत्तर नाही. कनू मॅरेथॉनमध्ये दुसऱ्याच्या लाटेवर बसणं हे स्किल मानलं जातं, तिथे लोक आळीपाळीने पुढे येतात. त्याच खेळाच्या 1000 मीटरपर्यंतच्या स्प्रिंटमध्ये मात्र आपली लेन सोडायची नाही आणि दुसऱ्या बोटीच्या 5 मीटरच्या आत जायचं नाही. ड्रॅगन बोटच्या सरळ रेसमध्येही तोच विचार, आपल्या लेनच्या मध्यावर राहा, मुद्दाम शेजारच्याच्या लाटेकडे सरकलात तर कारवाई.

अडचण ही की लाटेला लेन कळत नाही. लॉर्ड केल्विनने 1887 मध्ये दाखवलं की खोल पाण्यात कुठल्याही बोटीमागे लाटांचा पंखा पसरतो आणि त्याची बाजू बोटीच्या वाटेशी साधारण 19.5 अंशाचा कोन करते, बदक असो की जहाज. आता 9 मीटरची लेन धरली तर पुढच्या बोटीची लाट शेजारच्या लेनच्या मध्यावर पोचते तिच्या नाकापासून सुमारे 25 मीटर मागे, म्हणजे दोन बोटी एवढं अंतर. तुम्ही दोन बोटी मागे पडलात की सुकाणू तसूभर न हलवता शेजारची लाट तुमच्याकडे आपोआप येते! मदत होईल की अडथळा, ते नशिबावर. म्हणून नियम लाटेला पकडूच शकत नाही, तो पकडतो सुकाणूला, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे.

पाणी उथळ असेल तर अजून घोळ. 2 मीटर खोलीत लाटेचा कमाल वेग 4.4 मीटरच असतो, म्हणजे बोटीच्या वेगाएवढाच, आणि तिथे लाट साचत जाऊन बोट अडखळते. एक लेन काठाकडे उथळ असेल तर रेस सुरू व्हायच्या आधीच अन्याय झाला म्हणायचा.

ड्रॅगन बोटच्या 2000 मीटरच्या रेसला मात्र हे सगळं गणित उलटं होतं. तिथे बोटी थोड्या थोड्या अंतराने सोडतात, वळणं असतात, ओव्हरटेक होणारच. ओव्हरटेक करणाऱ्याला आधी पुढच्याची लाट चढावी लागते, फार जवळून गेला तर दोन बोटींमधल्या पाण्याचा वेग वाढून दाब कमी होतो आणि बोटी एकमेकींकडे ओढल्या जातात, वल्ह्याला वल्हं लागायची वेळ येते. आणि एवढं करून तो पुढे गेला की मागे पडलेली दमलेली टीम बिनधास्त त्याच्याच लाटेवर चढून बसते, एकदम नवा जोर येतो. ओव्हरटेक करणारा चिडतो, साहजिक आहे. पण इतक्या लांबच्या रेसमध्ये हे चालू द्यावं असं मला वाटतं, कारण लाट पकडून टिकवणं हीसुद्धा एक कला आहे.

आणि हे सगळं नीट बघायला मागून जी मोटरबोट येते तिची लाट कोणाला लागते? हा पण प्रश्न आहेच, म्हणून रोइंगच्या मोठ्या स्पर्धांमध्ये पंचांना दोन अरुंद तळ जोडलेल्या, कमी लाट करणाऱ्या खास बोटी देतात.