४९ तुकडे, ४९ माळी

उद्यानाच्या अंदाजपत्रकात माती, रोपं, पायवाटा, कारंजं सगळं येतं; माळ्याचा पगार मात्र दुसऱ्याच खात्यातून निघतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कने या फारकतीची किंमत जवळपास शतकभर मोजली.

हे पार्क म्हणजे शहरात उरलेलं रान, असं बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात ते रचलेलं आहे. १८५८ मध्ये ओल्मस्टेड आणि वॉ या दोन रचनाकारांचा आराखडा निवडला गेला. मग दलदल उपसली, खडक सुरुंगाने फोडले, बाहेरून माती आणली. पुढे हा पसारा ८४३ एकरांवर गेला. जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या आहेत; त्या तुंबल्या की वर पाणी साचतं. तळी गाळाने भरतात. म्हणजे राखण रोजचीच.

पार्कातल्या शीप मेडो, म्हणजे 'मेंढ्यांचं कुरण', या हिरवळीवर खरोखरच मेंढ्या होत्या. गवताची छाटणी आणि लेंडीखत, दोन्ही फुकटात! १९३४ मध्ये रॉबर्ट मोझेस शहराचे उद्यान आयुक्त म्हणून आले, तेव्हा मेंढ्या गेल्या आणि मंदीतल्या सरकारी पैशातून क्रीडांगणं उभी राहिली. बांधकामाला असा एकरकमी पैसा मिळतो; निगा मात्र दरवर्षीच्या तरतुदीवर लटकते. १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या काठावर पोहोचलं आणि आधीच घटलेले कामगार आणखी कमी झाले. पार्कातल्या ग्रेट लॉन या मोठ्या हिरवळीवरची माती पायांखाली इतकी घट्ट झाली, की पाणी मुरेना, मुळं जाईनात. उरली धूळ.

१९७९ मध्ये एलिझाबेथ बार्लो रॉजर्स पार्कच्या प्रशासक झाल्या, १९८० मध्ये पार्कची निगा राखणारी काँझर्व्हन्सी ही खासगी संस्था निघाली. तिने आधी अख्ख्या पार्कची पाहणी केली: माती, निचरा, झाडं, लोकांची वहिवाट. पण माझ्या मते खरी कलाटणी १९९६ ची. पार्कचे ४९ तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकडा एकेका माळ्याच्या नावावर केला. तण दिसलं, बाक मोडला, की कुणाला विचारायचं ते ठरलेलं. हा खर्च बराचसा देणगीदारांनी उचलला. गरीब वस्त्यांतल्या उद्यानांना असे देणगीदार मिळत नाहीत, हा आक्षेपही तितकाच खरा.

१९९७ मध्ये ग्रेट लॉन पुन्हा खुलं झालं, ते वापराच्या नियमांसकट. हिवाळ्यात बंद. पाऊस पडून जमीन ओली असली तरी बंद. त्या दिवशी कुंपणावर लाल झेंडा लागतो.