मेंदूची दुखापत आणि वय : रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी माहिती

आमच्या पुनर्वसन केंद्रात येणारे पालक बहुधा पहिल्याच भेटीत विचारतात, "मूल लहान आहे, म्हणजे आपोआप भरून निघेल ना?" या आशेला आधार आहे. मेंदूच्या अभ्यासक मार्गारेट केनार्ड यांनी १९३० च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांत, हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या भागाला कोवळ्या वयात इजा झाली तर ती प्रौढपणी झालेल्या इजेपेक्षा कमी अपंगत्व मागे ठेवते, असे दिसले होते. जन्माच्या सुमारास मेंदूच्या डाव्या भागात पक्षाघात झालेली अनेक मुलेही बोलायला शिकतात, कारण भाषेचे काम उजवा भाग अंगावर घेऊ शकतो.

मात्र ही गोष्ट मुख्यतः मर्यादित जागी झालेल्या इजेची आहे. डोक्याला जबर मार लागून संपूर्ण मेंदूला हादरा बसला असेल, तर कमी वय हे संरक्षण न ठरता अनेकदा जोखीमच ठरते. कारण प्रौढ माणसाजवळ आधी शिकलेल्या गोष्टींची शिदोरी असते, तर लहान मुलाला अजून सारे शिकायचे असते आणि शिकण्याची यंत्रणाच दुखावलेली असते.

शिवाय नुकसान लगेच दिसेलच असे नाही. चौथ्या वर्षी मार लागलेले मूल काही महिन्यांत धावू-बोलू लागते आणि घरचे निर्धास्त होतात. तेच मूल पाचवीत गेल्यावर फळ्यावरचा गृहपाठ अर्धाच उतरवते, "हात धू, डबा काढ आणि दप्तर आवर" यातले फक्त हात धुऊन उभे राहते. त्याला आळशी म्हटले जाते, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. नियोजन आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. त्यामुळे तिथली उणीव त्या कौशल्याची गरज पडते तेव्हाच उघडी पडते.

उतारवयात सुधारणा सहसा संथ असते, तरी नियमित सरावाने ती होत राहते.

म्हणून मूल बरे दिसत असले तरी शाळाप्रवेश, माध्यमिक शाळा आणि किशोरवय या टप्प्यांवर त्याची पुन्हा तपासणी करून घ्यावी आणि वर्गशिक्षकांना दुखापतीची कल्पना द्यावी. येताना रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आणावे, मग ते दहा वर्षांपूर्वीचे असले तरी चालेल.