जुनी पोलीस हार्ले: ऐकणारा रेडिओ वेगळा, बोलणारा वेगळा

जुन्या पोलीस मोटरसायकलीसारखी सजवलेली १९३९ सालची हार्ले नकलहेड (हे तिच्या इंजिनाचं टोपणनाव). रंग अचूक, सायरन अचूक, मागच्या मडगार्डवर रेडिओचा डबाही आहे. आणि चुकतं ते इथेच: टाकीशेजारी लटकतोय स्प्रिंगसारख्या वायरचा काळा हातमाइक! पेनसिल्व्हेनियात ओलीला जुन्या मोटरसायकलींचा बाजार भरतो, तिथे हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की आता मालकाशी हुज्जत घालत नाही. चहा घेतो आणि पुढे जातो.

आपल्या मराठी मंडळींचा घोळ तर शब्दापासूनच सुरू होतो. ‘वायरलेस’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो बटण दाबून ‘ओव्हर’ म्हणणारा हवालदार. त्यामुळे अमेरिकेतल्या जुन्या पोलीस गाडीवर रेडिओ होता असं वाचलं की आपण तिथेही माइक बसवून मोकळे होतो. दुतर्फा संच तुम्हाला ठाऊक आहे: बटण दाबलं की बोला, सोडलं की ऐका. त्यावर वेळ घालवत नाही. खरा प्रश्न त्याआधीच्या एकतर्फी रिसीव्हरचा आहे.

७ एप्रिल १९२८ला डेट्रॉइट पोलिसांनी गस्तीच्या मोटारींसाठी रेडिओ प्रसारण सुरू केलं, तेव्हा गाडीत होता तो नुसता ऐकणारा डबा. मुख्यालय बोलायचं, शिपाई ऐकायचा. उत्तर द्यायचं तर गाडी थांबवून कोपऱ्यावरची पोलिसांची फोनपेटी गाठायची. ही प्रसारणं गाण्याबजावण्याच्या केंद्रांना लागूनच, जरा वरच्या अंगाला असत. त्या काळातल्या कित्येक घरगुती रेडिओंच्या तबकडीवर ‘पोलीस’ असं छापलेलंच असे. म्हणजे चोरसुद्धा घरी बसून ऐकत असणार.

मग शिपायाला बोलायचं यंत्र का नाही दिलं? कंजूषपणा नव्हे, एरियलचं गणित. १७०० किलोहर्ट्झच्या आसपास पाव लहरीचं, म्हणजे रेडिओलहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढं एरियल करायचं म्हटलं तर ते ४४ मीटर भरतं. ऐकायला हातभर तारही चालते, कारण समोरून येणारा आवाज दणदणीत असतो. पण तेवढ्याशा तारेवरून परत बोलायचं म्हणजे विहिरीत तोंड घालून शेजारच्या गावाला हाक मारणं. त्यात ६ व्होल्टची बॅटरी आणि मोटरसायकलचा चिमुकला डायनॅमो. वाहनातून बोलणं जमलं ते वरच्या फ्रिक्वेन्सीवर गेल्यावर. न्यू जर्सीतल्या बेऑनच्या पोलिसांनी १९३३ साली मोटारींत दुतर्फा रेडिओ आणला, १९४०च्या सुमारास कनेटिकटच्या राज्य पोलिसांनी तेच एफएमवर केलं. ४० मेगाहर्ट्झला पाव लहर पावणेदोन मीटरच्या जरा वर जाते, म्हणजे काठीएवढी. ती मडगार्डवर उभी राहू शकते. तरीही या साऱ्या मोटारी होत्या. मोटरसायकलवर दुतर्फा संच सर्रास दिसू लागले ते दुसरं महायुद्ध संपल्यावर.

म्हणून माझा नियम साधा आहे. गाडी युद्धापूर्वीची असेल तर रिसीव्हर, स्पीकर आणि बास. माइक दिसला तर काढून ठेवा. १९४८पासूनची पॅनहेड (नकलहेडनंतरच्या इंजिनाची हार्ले) असेल तर दोन्ही शक्य आहे. तिथे तुमच्या गाडीच्या शहराचा, त्याच वर्षांतला फोटो शोधा. शेजारच्या शहराचा चालणार नाही, प्रत्येक खात्याची खरेदी वेगळी होती.

आता डबा हातात आल्यावर काय बघायचं? पहिलं म्हणजे आकड्यांची तबकडी. ती असेल तर डबा परत ठेवा, तो गाणी ऐकायचा रेडिओ आहे. पोलिसांचा रिसीव्हर एकाच फ्रिक्वेन्सीवर बसवलेला असतो, सुई फिरवायची सोयच नसते. मी स्वतः यात फसलोय. पाटीवर ‘मोटोरोला’ वाचलं आणि पैसे मोजले. हे नावच मुळात १९३० साली मोटारीतल्या रेडिओसाठी पडलं होतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! कंपनीचं नाव १९४७पर्यंत गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग होतं, तेव्हा युद्धापूर्वीच्या संचाच्या पाटीवर गॅल्विन शोधा.

मग झाकण उघडा. रिसीव्हरला लागणारा जास्तीचा विद्युतदाब सहसा व्हायब्रेटर पुरवतो. मुठीत मावेल एवढी पत्र्याची डबी, चालू केली की माशीसारखी गुणगुणते. दुतर्फा संचात व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरआधीच्या निर्वात नळ्यांच्या) जमान्यात बहुधा डायनॅमोटर असतो: एकाच दांड्यावर मोटर आणि जनरेटर, हातात घेतला तर वरवंट्यासारखा जड. हा इंजिनावरचा डायनॅमो नव्हे. नावं सारखी म्हणून लोक दोन्ही एकाच खोक्यात टाकून विकतात, ते वेगळंच दुखणं. शिवाय क्रिस्टल, म्हणजे फ्रिक्वेन्सी पक्की धरणारे स्फटिक, मोजा. ऐकायला एक आणि पाठवायला दुसरा अशी जोडी दिसली की संच बोलणारा.

एक समज मात्र डोक्यातून काढा. ‘व्हॉल्व्हच्या माथ्यावर धातूची टोपी दिसली म्हणजे ट्रान्समीटर’ हे साफ खोटं आहे. ६के७ आणि ६ए८ हे रिसीव्हरमधले अगदी साधे व्हॉल्व्ह, त्यांनाही टोपी असते. हे सांगून सांगून माझा घसा बसलाय.

बाकीचे फरक किरकोळ. ६ की १२ व्होल्ट? हार्लेच्या तीनचाकी सर्व्हि-कारला १२ व्होल्ट १९६४ला मिळाले, मोठ्या ट्विनला (मोठ्या दोन सिलिंडरच्या गाड्यांना) १९६५ला. त्याआधी सगळं ६. एरियल? दीडशे मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला अर्धा मीटर पुरतं, तेव्हा उंच काठी आणि त्या पट्ट्याचा संच अशी जोडी लावू नका. डब्याचा रंग जुळवायला रंगारी आहे.

लोक विचारतात, चालू असलेला चुकीचा संच बरा की बंद पडलेला बरोबर? बंद पडलेला बरोबर, एका क्षणाचाही विचार न करता. रिकामा पण अस्सल डबाही चालेल. त्यात ब्लूटूथ स्पीकर लपवणाऱ्यांशी मी बोलत नाही. आणि बंद संचाला थेट बॅटरी जोडू नका, आधी जुने कपॅसिटर बदला. एकदा घाई केली होती, गॅरेजमधला तो वास आठवडाभर गेला नाही.

माझ्या १९५४च्या पॅनहेडवर दुतर्फा संच आहे, खात्याचा फोटो पाहूनच घेतलेला. पोलिसांच्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचा मला अधिकार नाही. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना आहे, म्हणून तो सरकवून ५२.५२५ मेगाहर्ट्झवर आणलाय. बटण दाबलं की डायनॅमोटर आधी कण्हतो, मग कुईं करत वेग घेतो, हेडलाइट पिवळा पडतो. तो अर्धा सेकंद थांबून मगच बोलायचं, नाहीतर पहिला शब्द पोचतच नाही.